अंकोरला जाण्यापूर्वी : ज्येष्ठांच्या प्रवासाची पूर्वतयारी

पाऊस ओसरू लागला की घराघरांत सहलींची बोलणी सुरू होतात. एके काळी ती काशी, रामेश्वर, फार तर चारधामपर्यंत जाऊन थांबत. आता नोकरीत स्थिरावलेल्या मुलामुलींना आई-वडिलांना एकदा तरी परदेश दाखवावा असे मनापासून वाटते, आणि त्यांची नजर बहुधा आग्नेय आशियाकडे वळते. विमानप्रवास बेताचा, वेळेतला फरक थोडा, खर्च युरोपच्या मानाने आटोक्यातला. त्यातही कंबोडियाचे आकर्षण आपल्याकडील ज्येष्ठांना विशेष असते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने उभारलेले अंकोर वाट हे मूळचे विष्णुमंदिर. १९९२ साली अंकोरचा परिसर जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही १९८६ ते १९९३ या काळात या मंदिराच्या जतनाचे काम केले आहे. रामायण-महाभारताच्या कथा ऐकत वाढलेल्या पिढीला ते एकदा पाहावेसे वाटले, तर नवल नाही.

तेथे काय पाहावे, हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. या सदराचा विषय वेगळा आहे. सत्तरीच्या आसपासचे, मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी सोबत घेऊन जगणारे शरीर तेथे कसे न्यावे, कसे सांभाळावे आणि सुखरूप परत कसे आणावे, याचा विचार येथे केला आहे. उदाहरण कंबोडियाचे असले, तरी यातील बहुतेक सूचना व्हिएतनाम, थायलंड किंवा इंडोनेशियाच्या प्रवासालाही लागू पडतील.

आधी निर्णय, मग तिकीट

पुष्कळ घरांत क्रम उलटा असतो. मुले तिकिटे काढतात, वाढदिवसाला ती हातात ठेवतात आणि मग डॉक्टरांकडे नेण्याचा विषय निघतो. तोवर ज्येष्ठांना ‘नाही’ म्हणण्याची जागा उरलेली नसते. मुलांचा उत्साह मोडू नये म्हणून आई जिन्यावर लागणारी धाप सांगत नाही, वडील रात्री तीनदा उठावे लागते हे बोलत नाहीत. ही सोशिकता घरी निभावून जाते. परक्या मुलुखात, उन्हात, दगडी पायऱ्यांवर ती महागात पडते. म्हणून पहिली सूचना अशी, की परदेश प्रवासाची भेट अनपेक्षित देऊ नये. जाण्याआधी किमान सहा ते आठ आठवडे घरात मोकळेपणाने बोलावे आणि त्यानंतर नेहमीच्या डॉक्टरांची भेट घ्यावी. या भेटीत ज्येष्ठांना काही वेळ डॉक्टरांशी एकांतात बोलू द्यावे. मुलांसमोर जे सांगितले जात नाही, ते तेथे सांगितले जाते.

डॉक्टरांना ‘जाऊ का?’ एवढेच विचारू नये. दिवसाला किती चालणे आहे, हवामान कसे आहे, विमानात किती तास बसायचे आहे, हे सांगून मग मत घ्यावे. विमानप्रवासाच्या क्षमतेचा ढोबळ अंदाज घेताना साधे प्रश्न विचारले जातात : सपाटीवर पन्नास मीटर न थांबता चालता येते का? एक जिना धाप न लागता, छातीत न दुखता चढता येतो का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी तपासणी आणि उपचार, सहलीचा विचार नंतर. अलीकडेच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, स्टेंट नुकताच बसवला असेल, साखर सतत वरखाली होत असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल किंवा गेल्या काही महिन्यांत वारंवार तोल गेला असेल, तर प्रवास पुढे ढकलणे हाच शहाणपणा. डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय विमानात बसू नये.

डॉक्टरांनी नकार दिला, तर तो मनाविरुद्ध असला तरी मानावा. सहा महिने थांबून, प्रकृती सुधारून जाणे शक्य असते.

सहा आठवड्यांची तयारी

अंकोर परिसरात चालणे टाळता येत नाही. अंकोर वाटच्या भोवतीचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. तो ओलांडून गेल्यावरही मुख्य मंदिरापर्यंत बरेच अंतर उरते आणि तेवढेच परत यायचे असते. वाट दगडी, काही ठिकाणी उंचसखल. म्हणून निघण्याच्या सहा आठवडे आधीपासून चालण्याचा सराव सुरू करावा. आज जेवढे सहज चालता येते तेथून आरंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. मधे बसत, थांबत का होईना, सकाळी चाळीस मिनिटे आणि संध्याकाळी अर्धा तास चालता आले, तर तयारी चांगली झाली असे समजावे. कठड्याला धरून जिना चढण्या-उतरण्याचाही सराव हवा. गुडघ्यांना उतरताना अधिक ताण पडतो, हे ध्यानात असू द्यावे. प्रवासात वापरायचे बूट याच काळात घालून मळवावेत. नवे बूट घेऊन निघणे म्हणजे फोड बरोबर घेऊन निघणे, आणि मधुमेहींच्या पायावरचा फोड ही किरकोळ बाब नव्हे.

याच भेटीत लसीकरणाचा विषय काढावा. फ्लू, न्यूमोनिया, धनुर्वात, विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांपैकी कोणती लस घ्यायची, हे वय आणि पूर्वीच्या नोंदी पाहून डॉक्टर ठरवतील. मलेरियाच्या बाबतीत सियाम रीप शहर, अंकोरचा मंदिर परिसर आणि राजधानी नोम पेन्ह येथे धोका जवळपास नसतो. दुर्गम जंगलभागात जायचे असेल, तरच प्रतिबंधक गोळ्यांचा प्रश्न येतो. डेंग्यू मात्र सर्वत्र आहे. त्याचा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका मंदिरे पाहण्याच्या वेळी. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डीट किंवा पिकारिडिन असलेले डासरोधक मलम हाच त्यावरचा इलाज.

औषधांची पिशवी

औषधे किती दिवसांची घ्यावीत? प्रवासाचे दिवस अधिक एक आठवडा. विमान रद्द होणे, सामान उशिरा मिळणे हे कधीही घडू शकते. औषधांचे दोन समान संच करावेत. एक ज्येष्ठांच्या हातातील पिशवीत, दुसरा सोबत्याच्या. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत रोजचे औषध कधीही ठेवू नये. इन्शुलिन तर मुळीच नाही, कारण तेथे ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. इन्शुलिन थंड पिशवीत ठेवावे, पण बर्फाला थेट लागू देऊ नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते विसरले, तर पुन्हा वापरू नये. साखर तपासण्याच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात, त्यामुळे त्याही सावलीत, बंद डबीत असाव्यात.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. घरी सोयीची वाटणारी सात कप्प्यांची डबी प्रवासात रिकामी न्यावी आणि हॉटेलात पोचल्यावर भरावी. सुट्या, नाव नसलेल्या गोळ्या विमानतळावर प्रश्न निर्माण करतात आणि आजारपणात परक्या डॉक्टरांना काहीच सांगत नाहीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत, त्यांच्या छापील कागदावर, आजारांची नावे, औषधांची मूळ रासायनिक नावे आणि मात्रा लिहून घ्याव्यात. आपल्याकडचे कंपनीचे नाव तेथे कोणाला ठाऊक असेलच असे नाही. मूळ नाव मात्र सर्वत्र एकच असते. झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणारी औषधे आणि ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके यांवर निरनिराळ्या देशांत निर्बंध आहेत. कंबोडियाला जाताना बहुधा बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलावे लागते, म्हणून त्या देशांचे नियमही तिकीट काढताना पाहून घ्यावेत.

नित्याच्या औषधांखेरीज पिशवीत पॅरासिटामॉल, जुलाबावर देण्याची क्षारसंजीवनीची पाकिटे, थर्मामीटर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ग्लुकोमीटर, जखमेची पट्टी आणि साखर एकाएकी उतरल्यास चघळायला लिमलेटच्या गोळ्या असाव्यात. चष्म्याची जादा जोडी आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हमखास विसरतात. शेवटचा ईसीजी आणि महत्त्वाचे अहवाल यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स पिशवीत असाव्यात.

डॉक्टरांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. लघवी वाढवणारी आणि रक्तदाबाची काही औषधे कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी व क्षार अधिक कमी करतात. जुलाब किंवा उलट्या झाल्यास यांपैकी कोणते औषध तात्पुरते थांबवायचे, मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे, हे आधीच लिहून घ्यावे. ऐनवेळी परक्या देशातून फोनवर हे समजून घेणे कठीण जाते.

कागदपत्रे आणि विमा

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने असावी. पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो आणि त्यावर तीस दिवस राहता येते. अर्ज कंबोडिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. तशीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. विमानाने उतरणाऱ्यांना आगमनाची माहिती आधीच्या सात दिवसांत ऑनलाइन भरावी लागते. तिला शुल्क नाही. चलन रिएल असले, तरी व्यवहार सर्रास अमेरिकी डॉलरमध्ये होतात. नोटा लहान आणि कोऱ्या असाव्यात, फाटक्या नोटा कोणी घेत नाही.

२०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर सशस्त्र संघर्ष झाला. त्यामुळे थायलंडमधून रस्त्याने कंबोडियात जाण्याचा बेत ज्येष्ठांसाठी आखू नये. तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्यापूर्वी, असे दोनदा भारतीय दूतावासाच्या सूचना पाहाव्यात. हा दूतावास नोम पेन्ह येथे आहे.

विम्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. हप्ता कमी यावा म्हणून मधुमेह किंवा जुना हृदयविकार अर्जात न लिहिण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. तो ऐकू नये. लपवलेला आजार उघड झाला की दावा फेटाळला जातो आणि रुग्णालयाचे सारे बिल कुटुंबावर पडते. सर्व आजार नोंदवून, लिखित स्वरूपात तीन गोष्टी तपासाव्यात. पूर्वीपासूनच्या आजारामुळे उद्भवलेला प्रसंग पॉलिसीत धरला आहे का? अनेक पॉलिसी तो केवळ जीवघेण्या प्रसंगापुरता धरतात. रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का? कंबोडियात गंभीर रुग्णाला पुढील उपचारांसाठी अनेकदा बँकॉकला न्यावे लागते, आणि रुग्णवाहू विमानाचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नसतो. शेवटचा प्रश्न, मदतीसाठी चोवीस तास उत्तर देणारा क्रमांक कोणता? तो आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवावा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो. सहल कंपनीने ‘विमा आमच्याकडे आहे’ असे सांगितले, तरी ती पॉलिसी मागून वाचावी.

विमानात आणि विमानतळावर

चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, निदान प्रस्थानाच्या ४८ तास आधी. अनेक ज्येष्ठांना ती नको वाटते. चालता येत असताना खुर्ची कशाला, असा संकोच असतो. परंतु मोठ्या विमानतळावर विमान बदलताना मैल-दीड मैल चालावे लागू शकते, शिवाय तासन्‌तास रांगा. ते बळ मंदिर पाहण्यासाठी राखून ठेवावे. विमान बदलण्यामध्ये किमान तीन तासांचे अंतर असावे.

विमानात दर तासाला घोटे आणि पोटऱ्या हलवाव्यात, शक्य तेव्हा उठून चार पावले टाकावीत. पायात रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर घट्ट मोज्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. मनानेच ॲस्पिरिन घेऊ नये. मार्गिकेकडची, प्रसाधनगृहाजवळची आसने घ्यावीत.

सियाम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आहे आणि तो शहरापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. रात्री उशिरा उतरणारे विमान ज्येष्ठांसाठी टाळावे. गाडी आधीच ठरवून ठेवावी.

तेथील दिवस कसा आखावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही डिसेंबर-जानेवारीत हवा सर्वांत सुखद. मार्च-एप्रिलचे ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देणारे, आणि त्याच्या जोडीला दमटपणा. मे ते ऑक्टोबर पाऊस, म्हणजे निसरडे दगड. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता, घड्याळ पाहून पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्याने पाण्यावर मर्यादा असेल, तर उन्हाळी दिवसाची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. शहाळ्याचे पाणी तेथे जागोजागी मिळते, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते विचारूनच घ्यावे.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करायला हवा. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उष्माघात यांची सुरुवात येथेच होते. अंकोरच्या मुख्य मंदिरांजवळ स्वच्छतागृहे आहेत. त्यांच्या जागा वाटाड्याकडून आधी समजून घेऊन तसाच मार्ग ठरवावा. लघवीची गोळी फिरण्याच्या दिवशी केव्हा घ्यायची, हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे.

अंकोरचा प्रवेश-परवाना एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो. त्याचे दर अनुक्रमे ३७, ६२ आणि ७२ डॉलर असे आहेत, बदल झाला आहे का ते निघताना पाहावे. ज्येष्ठांनी तीन दिवसांचा घ्यावा. तो दहा दिवसांच्या आत केव्हाही वापरता येतो, सलग तीन दिवस जावे लागत नाही. म्हणजे एक दिवस मंदिर, एक दिवस विश्रांती असा क्रम ठेवता येतो. पोचल्याच्या दिवशी काहीही पाहू नये. बाहेर पडण्याची वेळ सकाळी सहा-साडेसहाची, परतण्याची दहाची. दुपार खोलीत, संध्याकाळी वाटले तर तासभर.

काय सोडायचे, हे घरूनच ठरवून निघावे. तेथे पोचल्यावर सर्वांच्या देखत ‘मी नाही चढत’ म्हणणे कठीण जाते. अंकोर वाटचा सर्वांत वरचा भाग, ज्याला बाकान म्हणतात, तेथील मूळ पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. पर्यटकांसाठी बसवलेल्या जिन्याला कठडा असला, तरी त्याचा चढही तसाच. हृदयविकार, तोल जाण्याचा त्रास किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो चढू नये. यात काही हुकते असे मात्र नाही. आपल्या ज्येष्ठांना ज्याची ओढ असते, ती शिल्पे सर्वांत खालच्या, बाहेरच्या ओवरीतच आहेत. पश्चिमेच्या ओवरीत एका बाजूला कुरुक्षेत्राचे युद्ध, दुसऱ्या बाजूला लंकेचे युद्ध, आणि पूर्वेकडे सुमारे पन्नास मीटर लांबीचे समुद्रमंथन. तिथवर पोचायला काही पायऱ्या आहेत, पण हाताचा आधार घेत त्या सावकाश चढता येतात. ओवरीत सावली असते. घडीचे हलके स्टूल बरोबर असेल, तर प्रत्येक शिल्पपटासमोर निवांत बसता येते. शरशय्येवरील भीष्म किंवा वासुकीला ओढणारे देव-दानव ओळखायला आपल्या आजी-आजोबांना वाटाड्या लागत नाही. नातवंडांना ते स्वतःच दाखवू शकतील.

सूर्योदय पाहण्यासाठी अंधारात, गर्दीत, उंचसखल दगडांवरून जाण्याचा प्रघात आहे. तोल सांभाळणे कठीण जात असेल, तर तोही सोडावा. नोम बाखेंग टेकडीवरील सूर्यास्तासाठी चढण आहे, तीही वगळावी. त्याऐवजी बान्ते स्रेई पाहावे. दहाव्या शतकातील हे लहानसे शिवमंदिर बहुतांशी सपाटीवर आहे आणि त्याचे गुलाबी दगडातील कोरीवकाम अप्रतिम आहे. बायोनचे विशाल मुखवटे खालूनही दिसतात. विश्रांतीच्या दिवशी सियाम रीपमधील अंकोर राष्ट्रीय संग्रहालय वातानुकूलित असल्याने सोयीचे. नोम पेन्हला जाणाऱ्यांनी तुओल स्लेंग आणि चुंग एक येथील, १९७५ ते १९७९ मधील नरसंहाराची स्मारके पाहायची की नाहीत, हे आधी ठरवावे. ज्यांचे मन लवकर खचते, ज्यांना अलीकडे जोडीदाराचा वियोग झाला आहे, त्यांच्यावर ती लादू नयेत.

फिरण्यासाठी वातानुकूलित गाडी दिवसभरासाठी ठरवावी. वानरांना खाऊ देऊ नये. वानर किंवा कुत्रा चावला, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. मळलेली वाट सोडून रानात जाऊ नये, कारण दुर्गम भागांत जुने सुरुंग अद्याप आहेत.

आहार आणि निवास

भात सर्वत्र मिळतो, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय. शाकाहारींना अडचण येते ती वेगळीच. भाजी म्हणून जे समोर येते, त्यातही माशांचे पाणी किंवा प्राहोक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी असू शकते. ‘मांस नको, मासे नकोत, माशांचे पाणी नको, प्राहोक नको’ असे ख्मेर भाषेत हॉटेलातील कर्मचाऱ्यांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद दाखवावा. त्या पाण्यात मीठ फार असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी मांसाहारी असले तरी बेतानेच घ्यावे. कॉफीत घट्ट गोड दूध घालण्याची पद्धत आहे, मधुमेहींनी आधीच सांगावे. घरून मेतकूट, खाकरे, भाजलेले पोहे आणि थोडे तूप नेले, तर मऊ भात मागवून कोणत्याही वेळी पोटभर जेवण होते. पाणी बंद बाटलीतलेच प्यावे, कापून ठेवलेली फळे टाळावीत. जेवणाची वेळ चुकू देऊ नये. साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी चुकलेले जेवण हा खरा धोका असतो.

हॉटेल निवडताना पोहण्याच्या तलावापेक्षा लिफ्ट आहे का, हे पाहावे. नसेल तर तळमजल्याची खोली मागावी. न्हाणीघरात टब नसावा, असल्यास आत रबरी चटई घालावी. बरोबर लहानसा रात्रीचा दिवा आणि न घसरणाऱ्या सपाता असाव्यात. नव्या जागी रात्री उठताना पडण्याचे प्रसंग अधिक घडतात. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीला परक्या खोलीत संध्याकाळनंतर गोंधळल्यासारखे होते. अशा वेळी रोजची चादर, रोजची जपमाळ, ओळखीचे फोटो उपयोगी पडतात. हॉटेलचे नाव, सोबत्याचा क्रमांक आणि आजारांची नोंद असलेले कार्ड गळ्यात किंवा खिशात सदैव असावे.

काही झालेच तर

उन्हात फिरताना डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे या पहिल्या सूचना. लगेच सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे, घोट घोट पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी टाकून वारा घालावा, तोंडाने काही देऊ नये आणि तात्काळ रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, एका बाजूची शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे यांत ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ हा विचार करू नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९ आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षाला आणि विमा कंपनीच्या मदत क्रमांकालाही त्याच वेळी कळवावे. जवळचे मोठे रुग्णालय कोणते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

ताप आल्यास पॅरासिटामॉलच घ्यावे. डेंग्यूची शक्यता असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके रक्तस्रावाचा धोका वाढवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ते मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

सोबत जाणाऱ्यासाठी

काळजीवाहकाचा विचार सहसा कोणी करत नाही. औषधांच्या वेळा, रात्रीचे उठणे, कागदपत्रे आणि दिवसाची धावपळ ही सारी एकाच सुनेवर किंवा मुलीवर येते, आणि तिसऱ्या दिवशी तीच आजारी पडते. दोन ज्येष्ठांसोबत निदान दोन धडधाकट माणसे असावीत. औषधे एकाने, पैसे व कागद दुसऱ्याने सांभाळावेत. दर दिवशी प्रत्येकाला दोन तास स्वतःचे मिळावेत. ज्येष्ठ दुपारी विसावलेले असताना एकाने जवळ थांबावे, दुसऱ्याने बाहेर जाऊन यावे. ज्याला बाकान चढायचे आहे, त्याने अपराधी न वाटता चढावे. आई-बाबा तोवर खाली ओवरीत समुद्रमंथनासमोर बसतील.

परतल्यावर दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि आठवड्याभरात रक्तदाब, साखर, वजन व पायांचे तळवे पाहावेत. परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला, सतत जुलाब झाले किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर डॉक्टरांकडे जाताच पहिल्या वाक्यात सांगावे : आम्ही नुकतेच कंबोडियाहून आलो आहोत.